क्रोन्स, कोलायटिस की आतड्याचा टीबी? डॉक्टर हे ठरवतात तरी कसं

प्रश्न डोंबिवलीच्या एका ताईंचा आहे. भाऊ 27 वर्षांचा. आठ महिने पोटात उजवीकडे खाली दुखतंय, मधूनमधून जुलाब होतात, संध्याकाळी कणकण असते आणि वजन 68 वरून 57 किलोवर आलंय. कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, झाली. एका डॉक्टरांनी क्रोन्स, म्हणजे आतड्याला जुनाट सूज आणणारा आजार, सांगितला, दुसरे म्हणाले टीबीच्या गोळ्या सुरू करा, आणि लॅबच्या रिपोर्टवर 'क्रॉनिक कोलायटिस' असं तिसरंच काहीतरी आहे. ताई विचारतात की तिघांपैकी बरोबर कोण, आणि एकदाच काय तो निकाल लावणारी एखादी तपासणी नसते का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नसते. रक्त, शौच, स्कॅन, आतड्याचा तुकडा (बायोप्सी), यांतली कुठलीही एक तपासणी 'हा क्रोन्सच' असं छातीठोकपणे सांगू शकत नाही. क्रोन्सचं निदान जुळवावं लागतं. लक्षणं, दुर्बिणीतून दिसलेलं चित्र, तुकड्यांचा रिपोर्ट, स्कॅन आणि काही वेळा औषधाला मिळालेला प्रतिसाद असं सगळं समोर ठेवून. टीबी मात्र एका तपासणीत सिद्ध होऊ शकतो, जंतू सापडला तर. नाही सापडला तर तिथेही जुळवाजुळवच. म्हणून दोन डॉक्टरांनी दोन नावं घेतली याचा अर्थ त्यातल्या एकाला कळत नाही असा होत नाही. लॅबचा रिपोर्ट तर दोघांच्याही विरोधात नाही. मोठ्या आतड्याला जुनी सूज आहे, एवढंच तो सांगतोय. ती कशामुळे, यावर तो गप्प आहे.

परदेशी पुस्तकांत हा विषय 'क्रोन्स की अल्सरेटिव्ह कोलायटिस' इथून सुरू होतो. आपल्याकडे तो तिथून सुरू करून चालत नाही. जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी साधारण एक चतुर्थांश भारतात आहेत, आणि कुठल्याच औषधाला न जुमानणाऱ्या टीबीची 2012 मधली जगभर गाजलेली बातमी मुंबईतूनच गेली होती. लहान आतडं मोठ्या आतड्याला जिथे मिळतं तो उजवीकडचा खालचा भाग क्रोन्सची आवडती जागा आहे आणि आतड्याच्या टीबीचीही. दोघांतही वजन उतरतं, रक्त कमी होतं, आतडं अरुंद होतं, आणि दोघांतही तुकड्यात ग्रॅन्युलोमा नावाच्या सूक्ष्म गाठी दिसतात. शंभर वर्षांपूर्वीच्या डॉक्टरांचाही इथेच गोंधळ होत होता. स्कॉटलंडचे सर्जन डॅलझील यांनी 1913 मध्ये असे काही रुग्ण नोंदवले. गाईगुरांच्या आतड्याला जंतूमुळे होणाऱ्या एका आजाराशी त्यांना साम्य दिसलं, पण जंतू काही सापडला नाही. 1932 मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई हॉस्पिटलमधल्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर यांनी हा टीबीपेक्षा वेगळा आजार असल्याचं मांडलं. क्रोन यांचं नाव आजाराला चिकटलं ते बरंचसं आद्याक्षरांच्या क्रमामुळे, लेखकांच्या यादीत ते पहिले होते म्हणून.

आता चूक झाली तर काय होतं ते बघा, कारण सगळा क्रम त्यावरच ठरतो. टीबी असताना क्रोन्स समजून स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी बायोलॉजिकल इंजेक्शनं दिली, तर सुरुवातीला रुग्णाला बरं वाटू शकतं आणि मग काही आठवड्यांत टीबी अंगभर पसरू शकतो. क्रोन्स असताना टीबीच्या गोळ्या दिल्या, तर नुकसान संथ असतं. महिने जातात, सूज आत धुमसत राहते, आतडं अरुंद होत जातं, आणि शेवटी ते कापून काढायची पाळी येते. पहिली चूक जीवावर बेतू शकते, दुसरी आतड्यावर. त्यामुळे खरोखर शंका असेल तर आपल्याकडचे बहुतेक अनुभवी डॉक्टर आधी टीबीकडे झुकतात. ते झुकणं बरोबरच आहे. पण तपासणी धड न करता 'चला, टीबीच्या चार गोळ्या सुरू करू, बघू काय होतं' असं झुकणं बरोबर नाही. माझा या विषयातला एकमेव आग्रह कुठला असेल तर हा: औषध सुरू करायच्या आधी जेवढे पुरावे गोळा करता येतात तेवढे करून घ्या. एकदा गोळ्या पोटात गेल्या की अर्धे पुरावे पुसले जातात.

अल्सरेटिव्ह कोलायटिसचं (पुढे त्याला नुसतं कोलायटिस म्हणतो) आधी उरकून घेतो, कारण तुमच्या भावाच्या वर्णनात तो बसत नाही. हा आजार गुदाशयापासून सुरू होतो आणि तिथून वर सलग सरकतो, मध्ये निरोगी जागा सोडत नाही. त्याची सूज आतड्याच्या सगळ्यांत आतल्या अस्तरापुरती असते आणि लहान आतड्याला तो सहसा हात लावत नाही. चर्चगेटहून सुटलेल्या धीम्या लोकलसारखा, एकेक स्टेशन घेत जाणारा. क्रोन्स फास्ट गाडीसारखा मधली स्टेशनं गाळतो. कोलायटिसच्या रुग्णाची पहिली तक्रार बहुतेक वेळा संडासवाटे रक्त ही असते. रक्त, चिकट आव, दिवसात दहा वेळा धावपळ आणि जाऊन आल्यावरही पोट साफ न झाल्याची भावना. अशा माणसाला सकाळची गर्दीची गाडी पकडायचीच भीती बसते. कितीतरी जण महिनोन्महिने मूळव्याध म्हणून मलम लावत बसतात.

क्रोन्स मात्र तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, आतड्याच्या भिंतीच्या आरपार जातो, आणि म्हणूनच त्यात भगंदर होतं, दोन आतड्यांमध्ये वाटा पडतात, पू साठतो, आतडं आकसतं. दुखणं आणि वजन उतरणं ठळक, रक्त त्या मानाने कमी. तरुण माणसाला पुन्हा पुन्हा भगंदर होतंय, दोन वेळा ऑपरेशन करूनही ते परत येतंय, तर सर्जनच्या मनात क्रोन्सची शंका यायलाच हवी. (टीबीचीही. काढलेला भाग तपासायला पाठवला का, हे जरूर विचारा.)

पुस्तकात हे दोन आजार असे स्वच्छ वेगळे दिसतात. प्रत्यक्षात कोलायटिस खूप भडकलेला असेल तर त्याचे व्रणही खोल जातात. गुदाशयातून औषधाचा एनिमा चालू असेल तर तो भाग बरा होतो आणि बघणाऱ्याला वाटतं, गुदाशय सुटलाय म्हणजे क्रोन्स. संपूर्ण मोठं आतडं सुजलं असेल तर लहान आतड्याचं शेवटचं टोकही थोडं लाल होतं. डावीकडच्या कोलायटिसमध्ये कधीकधी अपेंडिक्सच्या तोंडाशी सुजेचा वेगळाच ठिपका दिसतो, तोही क्रोन्सचा भास देतो. वैद्यकशास्त्रालाच हे वेगळेपण पटायला वेळ लागला. क्रोन्स फक्त लहान आतड्याचा आजार मानला जायचा; मोठ्या आतड्यातला क्रोन्स हा कोलायटिसहून वेगळा असतो हे लंडनच्या लॉकहार्ट-ममरी आणि मॉर्सन यांनी 1960 मध्ये दाखवून दिल्यावर सर्वमान्य झालं. आजही ज्यांचा आजार फक्त मोठ्या आतड्यात आहे अशा शंभरातल्या पाच ते पंधरा रुग्णांत सुरुवातीला नाव पक्कं करता येत नाही. तेव्हा आम्ही 'अवर्गीकृत' असं लिहितो आणि उपचार सुरू करतो, कारण भडका शांत करण्याची औषधं बरीचशी सारखीच आहेत. ऑपरेशनची वेळ आली की मात्र नाव पक्कं लागतं. कोलायटिसमध्ये मोठं आतडं आणि गुदाशय काढून लहान आतड्याची पिशवी जोडली की आतड्यातला आजार मुळापासून जातो. क्रोन्समध्ये तो जोडलेल्या जागी परत उगवू शकतो, आणि ती पिशवीही निकामी होऊ शकते.

आता तुमच्या भावाचा खरा प्रश्न: टीबी की क्रोन्स.

बोलण्यातून बरंच कळतं. टीबीत ताप, भूक मरणं, पोटात पाणी होणं जास्त दिसतं आणि गोष्ट सहसा काही महिन्यांची असते. क्रोन्समध्ये वर्षानुवर्षं चढउतार असतात: मधले सहा महिने बरे, मग परत दुखणं. वारंवार तोंड येणं, गुदद्वाराजवळ फोड किंवा भगंदर, सांधे धरणं, डोळे लाल होऊन दुखणं, पायांवर दुखऱ्या लाल गाठी, हे क्रोन्सच्या बाजूचं. घरात किंवा कामाच्या जागी कुणाला टीबी झाला होता का हे मी विचारतो, पण उत्तर 'नाही' आलं म्हणून निश्चिंत होत नाही. भांडुपच्या चाळीत किंवा खचाखच भरलेल्या डब्यात कोण कुणाशेजारी खोकलं याची नोंद कुणाकडे असते? छातीचा एक्स-रे काढायचाच; त्यात टीबीच्या ताज्या खुणा दिसल्या तर काम सोपं होतं. पण आतड्याच्या टीबीच्या बहुतेक रुग्णांची छाती स्वच्छ असते. 'छातीत काही नाही, मग टीबी कसा असेल' हे वाक्य नातेवाइकांकडून फार ऐकू येतं.

मग कोलोनोस्कोपी. इथे डॉक्टरने मोठं आतडं संपल्यावर थांबायचं नसतं, लहान आणि मोठ्या आतड्यामधल्या झडपेतून आत शिरून लहान आतड्याचं शेवटचं टोक बघायचं असतं. रिपोर्टमध्ये 'टर्मिनल इलियम' पाहिल्याचा उल्लेख नसेल तर तपासणी अपुरी आहे. टीबीचे व्रण आतड्याला आडवे, बांगडीसारखे वेढून जातात. टीबीचे जंतू लसिकावाहिन्यांच्या वाटेने पसरतात आणि त्या तशाच आडव्या असतात, असं कारण दिलं जातं. झडप खराब होऊन उघडीच्या उघडी राहते. क्रोन्सचे व्रण उभे, लांबट असतात. तोंड आल्यावर दिसतात तसे बारीक व्रण इतस्ततः असतात. मधला भाग फुगून फरसबंदीसारखा उंचसखल होतो. गुदाशय आणि गुदद्वार सामील असू शकतं. बरेच वेगवेगळे भाग धरलेले असतील तर क्रोन्सकडे कल, एकदोनच असतील तर टीबीकडे. या सगळ्या खुणा मी बघतो आणि त्यांवर भिस्त ठेवतो, पण उलटसुलट प्रकारही होतात.

तुकड्यांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण मुंबईत सगळ्यांत जास्त नुकसान इथेच होतं आणि ते टाळणं अगदी स्वस्त आहे. तुकडे घेतल्यावर ते फॉर्मलिनच्या बाटलीत टाकतात. पॅथॉलॉजीसाठी ते बरोबर आहे. पण फॉर्मलिनमध्ये जंतू मरतात, म्हणजे त्या तुकड्याचं कल्चर (जंतू लॅबमध्ये वाढवून बघणं) होऊच शकत नाही. टीबीची शंका असेल तर काही तुकडे साध्या सलाइनमध्ये वेगळे ठेवून त्याच दिवशी जीन एक्सपर्ट (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) आणि टीबी कल्चरसाठी पाठवायला हवेत. सगळे तुकडे एकाच बाटलीत गेले असले तर रुग्णाला ती तपासणी परत करावी लागते: परत पोट साफ करायचं ते अघोरी औषध, परत खर्च, परत रजा. म्हणून कोलोनोस्कोपीच्या आदल्या दिवशीच विचारून ठेवा, "डॉक्टर, कल्चरसाठी वेगळा तुकडा पाठवणार आहात ना?" कुणाला राग येणार नाही, आणि आलाच तर येऊ द्या.

तुकडे किती आणि कुठून घेतले यालाही महत्त्व आहे. व्रणाच्या कडेचे घ्यायचे, तळाचेही घ्यायचे, आणि वरवर निरोगी दिसणाऱ्या भागातलेही घ्यायचे, प्रत्येक भागाची बाटली वेगळी आणि तिच्यावर जागेचं नाव. निरोगी दिसणाऱ्या जागेतही सूक्ष्मदर्शकाखाली सूज सापडली किंवा सुजलेल्या दोन भागांमधली जागा खरोखरच स्वच्छ निघाली, तर पॅथॉलॉजिस्टला त्यातून बरंच कळतं. ग्रॅन्युलोमा दोन्ही आजारांत असतात, पण टीबीतले मोठे, पुष्कळ, एकमेकांत मिसळलेले आणि मधोमध पनीरसारखे कुजलेले असू शकतात. क्रोन्सचे लहान, सुटे, मोजकेच, आणि कित्येक रुग्णांच्या तुकड्यांत ते सापडतच नाहीत. ती मधली कुज दिसली तर टीबी जवळपास ठरला म्हणायचा. अडचण अशी की दुर्बिणीचा चिमटा वरवरचाच चावा घेतो आणि ग्रॅन्युलोमा बऱ्याचदा खोल असतात.

जीन एक्सपर्टची मोठी सोय म्हणजे तो काही तासांत उत्तर देतो आणि रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला जंतू दाद देतो की नाही तेही सांगतो. पॉझिटिव्ह आला की वाद मिटला. पण आतड्याच्या टीबीत जंतू फार थोडे असतात, त्यामुळे खरा टीबी असूनही तो बऱ्याचदा निगेटिव्ह येतो. कल्चरला सहा आठवड्यांपर्यंत वेळ लागतो. 'एक्सपर्ट निगेटिव्ह, म्हणजे टीबी नाही' असं कुणी सांगितलं तर ते मानू नका. एवढा एक रिपोर्ट हातात धरून स्टेरॉइड सुरू करणं म्हणजे जुगार आहे.

यानंतर स्कॅन. साधा सीटी नव्हे, आतडं द्रवाने फुगवून केलेली सीटी किंवा एमआर एंटरोग्राफी. पोटातल्या लसिकाग्रंथी मोठ्या झाल्यात आणि त्यांचा मधला भाग काळा, म्हणजे मेलेला दिसतोय, तर पारडं टीबीकडे जोरात झुकतं. पोटात पाणी असेल तर तेही टीबीच्या बाजूचं. आतड्याचा लांब पट्टा जाड झालाय, मधले भाग सुटलेत, आतड्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या फुगून कंगव्याच्या दातांसारख्या ओळीने दिसतायत, आतड्याभोवती चरबी चढलीय, तर क्रोन्सकडे. पोटाच्या आतली चरबी आणि कातडीखालची चरबी यांचं प्रमाण मोजून फरक करता येतो का, यावर आपल्याच देशात चांगलं काम झालं आहे. क्रोन्समध्ये आतली चरबी तुलनेने जास्त असते. भगंदर असेल तर ओटीपोटाचा एमआरआय वेगळा लागतो. कॅप्सूल, म्हणजे गिळायचा कॅमेरा, चांगला आहे, पण आतडं अरुंद असेल तर तो आत अडकतो. तुमच्या भावाला पोट फुगून गुडगुडत दुखत असेल तर स्कॅनच्या आधी कॅप्सूल नको.

लोक ज्यांवर पैसे घालवतात आणि ज्यांनी या विशिष्ट प्रश्नाचं उत्तर फारसं मिळत नाही अशा तपासण्याही सांगून टाकतो. मँटू (कातडीवरची) किंवा क्वांटिफेरॉन (रक्ताची) तपासणी पॉझिटिव्ह म्हणजे शरीराची टीबीच्या जंतूशी कधीतरी गाठ पडली आहे. मुंबईत वाढलेल्या कितीतरी निरोगी माणसांत ती पडलेली असते. (क्रोन्स पक्का झाल्यावर बायोलॉजिकल इंजेक्शन द्यायच्या आधी मात्र या तपासण्या करायच्याच असतात. इन्फ्लिक्सिमॅब या अशाच एका इंजेक्शनमुळे झोपलेला टीबी जागा होतो हे 2001 मध्ये अमेरिकेतून आलेल्या नोंदींनी स्पष्ट केलं.) रक्तातल्या अस्का आणि पी-अँका या अँटिबॉडी क्रोन्स आणि कोलायटिस यांच्यात थोडा इशारा देतात, टीबी आणि क्रोन्समध्ये आपल्याकडे त्या कामाच्या नाहीत. रक्ताच्या थेंबावरून टीबीचं निदान करण्याच्या जुन्या अँटिबॉडी तपासण्यांवर तर भारत सरकारने 2012 मध्ये बंदीच घातली. शौचातलं कॅल्प्रोटेक्टिन ही उपयोगी तपासणी आहे, पण वेगळ्या प्रश्नासाठी. ते 50 च्या खाली असेल तर आतड्याला सूज असण्याची शक्यता फार कमी, म्हणजे आयबीएस (सूज नसलेला आतड्याचा त्रास) असावा; वाढलेलं असेल तर सूज आहे. ती क्रोन्सची, टीबीची की परवा खाल्लेल्या पाणीपुरीची, हे त्याला कळत नाही.

पाणीपुरीवरून आठवलं, पावसाळ्यात येणारे रुग्ण. रक्त-आवेचा अचानक झटका आला आणि आठवडाभर झालाय, तर तो बहुधा जंतुसंसर्ग असतो आणि शौचाची तपासणी, कल्चर पुरतं. जुनाट आजारात आतड्याच्या अस्तरातल्या ग्रंथींची रचनाच वाकडीतिकडी होते, आणि तसं व्हायला काही आठवडे लागतात. झटक्याच्या संसर्गात ती सरळ राहते. म्हणून पहिल्याच आठवड्यात दुर्बीण घालून 'कोलायटिस' नाव चिकटवायची घाई करू नये. अमीबाचं प्रकरण थोडं नाजूक आहे. शौचाच्या रिपोर्टमध्ये 'सिस्ट दिसल्या' एवढंच असेल तर त्या निरुपद्रवी भाऊबंदाच्याही असू शकतात, सूक्ष्मदर्शकाखाली दोघे हुबेहूब दिसतात. उलट खरा अमीबाचा व्रण कोलायटिस समजून स्टेरॉइड दिलं तर आतडं फुटू शकतं. आधीपासून कोलायटिस असलेल्या माणसाचा आजार भडकला, तर क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल हा जंतू आणि सायटोमेगॅलो विषाणू शोधल्याशिवाय औषध वाढवू नये.

घरातल्या औषधांचा डबा हा आणखी एक मुद्दा. गुडघ्यासाठी, डोक्यासाठी महिनोन्महिने खाल्लेल्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या लहान आतड्यात अगदी क्रोन्ससारखे व्रण आणि पडदे तयार करतात. आणि जुलाबावर आपल्याकडे सर्रास मिळणारी ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची जोडगोळी. तिच्यातलं ऑफ्लॉक्सासिन टीबीच्या जंतूंवरही थोडंफार चालतं. दोनतीन कोर्स झाले की टीबी अर्धवट दबतो, कल्चर उगवत नाही, आणि आम्ही क्रोन्सच्या मागे लागतो. गल्लीतल्या केमिस्टकडून घेतलेली पट्टीसुद्धा डॉक्टरांना दाखवा. बेहचेट हा आजार, लिम्फोमा (लसिकाग्रंथींच्या पेशींचा कर्करोग), रक्तपुरवठा कमी झाल्याने आलेली सूज अशी आणखी नावं यादीत असतात; 27 व्या वर्षी त्यांतला लिम्फोमा विसरायचा नाही, एवढंच.

हे सगळं करूनही काही जणांचा निकाल लागत नाही. तेव्हा टीबीची औषधं 'चाचणी' म्हणून दिली जातात, आणि त्यात कमीपणा काही नाही. पण चाचणी म्हटली की तिची तारीख आणि कसोटी आधी ठरलेली हवी. बरं वाटतंय का, ही कसोटी चालत नाही, कारण क्रोन्सच्याही बऱ्याच रुग्णांना टीबीच्या औषधांवर सुरुवातीला बरं वाटतं. दोनतीन महिन्यांनी कोलोनोस्कोपी परत करून व्रण भरलेत का, हे डोळ्यांनी बघायचं. टीबीचे व्रण तोपर्यंत सहसा भरून आलेले असतात. सोबत सीआरपी (रक्तातली सुजेची खूण) आणि कॅल्प्रोटेक्टिन उतरतंय का ते पाहायचं. व्रण भरले तर सहा महिन्यांचा कोर्स पुरा करायचा. आतड्याच्या टीबीला तेवढा पुरतो. व्रण जसेच्या तसे असतील तर दोन शक्यता: क्रोन्स, किंवा औषधाला दाद न देणारा टीबी. मुंबईत ही दुसरी शक्यता नाकारता येत नाही, म्हणून दुसऱ्या कोलोनोस्कोपीतही कल्चरचे तुकडे घ्यायचेच. गोळ्या नीट घेतल्या का, हेही खोदून विचारायचं. आणि चाचणी चालू असताना 'थोडी सूज उतरायला' म्हणून कुणी सोबत स्टेरॉइड दिलं, तर सगळ्या चाचणीवर बोळा फिरला असं समजा.

एक फसगत सांगतो. टीबी बरा होताना व्रणाची जागा आकसते. त्यामुळे जंतू मेले तरी आतडं अरुंद राहून जेवल्यावर कळा येतच राहतात. ते औषध न लागू पडल्याचं लक्षण नाही. तिथे फुग्याने रुंद करणं किंवा छोटं ऑपरेशन लागतं. आणि ऑपरेशन झालंच तर काढलेल्या आतड्याची, जवळच्या ग्रंथींची नीट तपासणी म्हणजे निदानाची सोन्यासारखी संधी असते. त्यातलाही एक भाग फॉर्मलिनशिवाय पाठवायचा.

आता तुमचा भाऊ. रोज संध्याकाळची कणकण, आठ महिन्यांत 11 किलो वजन आणि भगंदर-तोंड येण्याचा उल्लेख नाही, एवढ्यावरून मी टीबीकडे थोडा झुकलो असतो. पण रुग्ण न बघता लिहिलेलं हे मत आहे, त्यावर गोळी सुरू करू नका आणि बंदही करू नका. पुढच्या भेटीत विचारायचं ते असं. लहान आतड्याचं टोक पाहिलं का, व्रण उभे की आडवे? कल्चर आणि जीन एक्सपर्टला तुकडा गेला होता का? नसेल गेला आणि टीबीची औषधं अजून सुरू झाली नसतील, तर आठवडाभर थांबून तो पाठवण्यासारखी प्रकृती आहे का? एंटरोग्राफी झाली का, ग्रंथींचा मधला भाग कसा दिसतो? औषध सुरू करायचंच ठरलं तर दुसऱ्या कोलोनोस्कोपीची तारीख आजच लिहून घ्या. टीबीच्या रुग्णाची निक्षय या सरकारी पोर्टलवर नोंद डॉक्टरांनी करायची असते, खासगीत दाखवत असलात तरी. औषधं सरकारी केंद्रातून फुकट मिळतात आणि आहारासाठी दरमहा पैसे बँक खात्यात जमा होतात, 2024 च्या नोव्हेंबरपासून ते 1000 रुपये आहेत.

आणि 'क्रॉनिक कोलायटिस' लिहून दिलेल्या त्या लॅबमधून भावाच्या तुकड्यांच्या काचा आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या. ते देतात, एक अर्ज आणि सही लागते. दुसऱ्या मतासाठी कागदी रिपोर्ट घेऊन जाण्यापेक्षा, आतड्याचे आजार रोज बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे ते ब्लॉक न्या. सोबत कोलोनोस्कोपीचे रंगीत फोटो आणि स्कॅनची सीडी द्या. त्याच ब्लॉकमधून आणखी पातळ चकत्या कापल्यावर आधी न दिसलेला ग्रॅन्युलोमा कधीकधी सापडतो.